क्वेबेक कोण आणि कॅनडा कोण?

१७ जानेवारी १९६७. निपाणीत एसटीतून उतरता आणि पहिली येते ती शिंक. वखारीच्या दारातून उडणारा तंबाखूचा खकाणा नाकात शिरलेला असतो. मग दुसरी शिंक, तिसरी. बाकावर बसलेली माणसं तुमच्याकडं बघून हसतात, कारण इथल्या माणसाला शिंक येत नाही. जुन्या वळणाचे कपडे घालून आलात, मोबाईल घरी ठेवलात, तरी बिंग फुटलंच. 'पावणं कुठलं?' असं कुणी विचारलं तर पुण्याचं नाव सांगा आणि बाकावर जागा मिळाली की गप्प बसा. आज बोलायचं काम दुसऱ्यांचं आहे.

आज हुतात्मा दिन. अकरा वर्षांपूर्वी, १६ जानेवारी १९५६ च्या रात्री, नेहरूंनी रेडिओवरून राज्यांच्या नव्या रचनेचा निर्णय सांगितला. मुंबई महाराष्ट्राला नाही आणि बेळगाव म्हैसूरला, हे ऐकून दुसऱ्या दिवशी माणसं रस्त्यावर आली आणि गोळीबार झाला. बेळगावात माणसं पडली, तशी इथं निपाणीत कमळाबाई मोहिते पडल्या. बाकावरच्या चौघांपैकी दोघांनी तो दिवस डोळ्यांनी पाहिलेला आहे. ते त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. बोलणं चाललंय ते कालच्या दिवसाचं, आणि तेही गोव्याचं.

काल, १६ जानेवारीला, गोव्यात मतं पडली. आमदार-खासदार निवडायला नव्हे. गोव्यानं महाराष्ट्रात यायचं की केंद्रशासित राहायचं, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. भाऊसाहेब बांदोडकरांनी त्याआधी मुख्यमंत्रिपद सोडलं होतं, म्हणजे मतदान सरकारच्या दडपणाखाली झालं असं कुणी म्हणायला नको.

"फूल येतंय बघा," वखारीचा दिवाणजी म्हणतो. "गोवा आला की बेळगावला दोन्हीकडनं महाराष्ट्र. मग म्हैसूरवाले काय करत्यात बघू."

हिशेब चुकीचा नाही. बेळगाव जिल्ह्याच्या एका अंगाला कोल्हापूर आणि दुसऱ्या अंगाला गोवा. नकाशा ज्याच्या दारातून जातो त्याला तो पाठ असतो.

निकाल तुम्हाला ठाऊक आहे. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. तो सांगू नका. दिवाणजीला अजून दोन-चार दिवस खुशीत राहू दे.

बिड्यांचं सूप काखेत धरून एक बाई तिथून जाता जाता थांबते. तिला गोव्याचं काही पडलेलं नाही. पण ती जे विचारते त्याचं उत्तर आज इतक्या वर्षांनीही कुणी नीट दिलेलं नाही. "गोव्यास्नी इचारलं म्हनं. मग आमास्नी का न्हाई इचारत?"

बाकावरचे मास्तर घसा खाकरतात. गोवा दिल्लीच्या हाताखाली आहे, ते सांगतात, त्याच्यावर दुसऱ्या कुठल्या राज्याची मालकी नाही. आपण म्हैसूर राज्यात. मुख्यमंत्री निजलिंगप्पा कशाला मतदान होऊ देतील? सेनापती बापटांनी गेल्या साली उपोषण केलं तेव्हा कुठं सीमाप्रश्नासाठी आयोग मिळाला. आता अर्ज करायचे, निवेदनं द्यायची.

गोव्याला मत मिळालं, आम्हाला अर्ज. सीमाभागाची सगळी कैफियत एवढीच आहे असं मला वाटतं. आयोगापुढं हजारो माणसं गेली, गावोगावचे ठराव गेले, बखरीतले आणि सनदांमधले दाखले गेले. मतपत्रिका मात्र एकही छापली गेली नाही.

आता त्याच वर्षाच्या ऑगस्टअखेरीला या. पाऊस. रस्त्यावर चिखल, तंबाखूची रोपं नुकतीच लागलेली. अडत दुकानात रेडिओ आहे आणि रेडिओपुढं पाचसहा माणसं. महिनाभरापूर्वीची एक बातमी अजून त्यांच्या बोलण्यात आहे, कारण ती त्यांना आपली वाटते.

कॅनडा हा देश शंभर वर्षांचा झाला म्हणून माँट्रियलमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल पाहुणे म्हणून गेले. राजधानी ओटावाला आधी न जाता ते युद्धनौकेतून थेट क्वेबेकला उतरले, आणि २४ जुलैला माँट्रियलच्या नगरभवनाच्या सज्जातून त्यांनी स्वतंत्र क्वेबेकचा जयजयकार केला. कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पिअर्सन संतापले. कॅनडाच्या लोकांना कुणी मुक्त करायची गरज नाही, असं त्यांनी सुनावलं. द गॉल ओटावाला न जाताच घरी परतले.

"सत्त्याहत्तरीला आलेला गडी," अडत्या म्हणतो, "आणि काय हिंमत!"

"पण क्वेबेकात म्हणजे कोण?"

"फ्रेंच बोलणारी. बाकी समदा देश इंग्रजी. मधे ही अडकल्यात."

"म्हंजी आपल्यागतच की."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या साठ वर्षांत ते तुम्हाला सीमाभागात अनेक तोंडी ऐकू येईल, आणि ते अर्धंच खरं आहे.

त्या दिवशी दुकानात कुणालाच ठाऊक नसतं की २५ ऑगस्टला मेहेरचंद महाजन यांनी त्या सीमा आयोगाचा अहवाल दिल्लीत सादर केलेला आहे. महाजन देशाचे माजी सरन्यायाधीश. त्याआधी १९४७ मध्ये रॅडक्लिफच्या पंजाब सीमा आयोगावर ते एक सदस्य होते, म्हणजे रेषा ओढल्यावर काय होतं हे त्यांच्याइतकं जवळून पाहिलेला माणूस मिळणं कठीण. त्यांनी २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं. निपाणी त्यात होती, खानापूर होतं, नंदगड होतं. बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवा म्हटलं, आणि बदल्यात अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जतकडची गावं म्हैसूरला द्या म्हटलं.

म्हणजे तुम्ही ज्या दुकानात उभे आहात ते दुकान महाजनांच्या कागदावर महाराष्ट्रात गेलेलं आहे.

हा सौदा निपाणीनं मान्य करायला हवा होता का? अहवाल बाहेर आल्यावर याच दुकानात हा वाद झाला असणार, आणि तो कुणी लिहून ठेवला नाही याची मला हळहळ वाटते. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, म्हैसूरनं जसाच्या तसा मागितला. बेळगावसाठी निपाणी थांबली. हातात येऊ शकलेलं सोडून दिलं आणि तेही शेजारच्या शहरासाठी. सीमालढ्याच्या भाषणांत बेळगावचं नाव शंभरदा येतं, निपाणीचं दहादा. प्रमाण उलटं असायला हवं होतं.

पुढं १९८१ मध्ये थोडंच थांबा. निपाणीचा तोच रस्ता, पण आता त्यावर गाड्या नाहीत, माणसं आहेत. १४ मार्चपासून तंबाखूच्या भावासाठी शेतकरी राष्ट्रीय महामार्गावर ठाण मांडून बसलेत. पुढारी शरद जोशी, जे स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जागतिक टपाल संघातली नोकरी सोडून शेती करायला आलेले. चुलीवर भाकऱ्या भाजल्या जातायत. क्वेबेकमध्ये दहा महिन्यांपूर्वी जनमत झालंय आणि सुमारे साठ टक्क्यांनी वेगळं व्हायला नकार दिलाय, पण या रस्त्यावर त्याची चर्चा नाही. सीमेचीही नाही. शेजारी बसलेला शेतकरी कन्नड बोलतो, पलीकडचा मराठी, आणि दोघांच्या तंबाखूला भाव एकच, म्हणजे नाही. ६ एप्रिलला पोलीस रस्ता मोकळा करायला येतील. गोळीबारात बारा शेतकरी मरतील. तिथं फार वेळ उभं राहू नका.

आता बेळगाव. १ नोव्हेंबर १९९५, बुधवार, सकाळचे आठ. दिवाळी नुकतीच गेलीय, हवेत गारवा आहे, आणि रामलिंगखिंड गल्लीतली दुकानं बंद आहेत. आज कर्नाटक राज्योत्सव. आज सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. दोन्ही एकाच गावात, एकाच तारखेला. राणी चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे लागतायत आणि इकडं पोरं सायकलींच्या हवा तपासतायत, कारण थोड्या वेळानं मूक सायकल फेरी निघेल. एक चहावाला शटर कमरेइतकं वर ठेवून आत चहा देतो. वाकून आत जा.

आत पाच जण. निवृत्त शाळामास्तर, हातात 'तरुण भारत'. दंडाला काळी फीत लावलेला कॉलेजातला पोरगा. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार, सत्तरी ओलांडलेले. चहावाला. आणि पाचवा, थोडा बाजूला, छापखान्यात खिळे जुळवण्यात उमेदवारी करून आता संगणकावर बसलेला कन्नड गृहस्थ. तो मास्तरांचा जुना शेजारी, इथं रोज येतो. आज यावं की नाही, असा प्रश्न त्याला पडला असेल. पण आलाय.

"काय शोधूलालास गा पेपरात?" सुभेदार मास्तरांच्या पेपरात डोकावणाऱ्या पोराला विचारतात.

"क्वेबेक, आजोबा."

बरोबर वेळेला आलात. परवा, ३० ऑक्टोबरला, क्वेबेकमध्ये दुसरं जनमत झालं. तिथं रात्री आठला मतदान संपलं तेव्हा इथं काल सकाळचे साडेसहा वाजले होते, त्यामुळं निकाल आजच्या अंकात आहे. वेगळं होऊ नये म्हणणारे ५०.५८ टक्के, व्हावं म्हणणारे ४९.४२. फरक ५४ हजार २८८ मतांचा. शंभरातल्या ९३ जणांनी मत टाकलं.

"अर्ध्या टक्क्यानं राहिला हो देश!" पोरगा म्हणतो. त्याला हरलेल्यांचं वाईट वाटलंय. त्यानं क्वेबेक कधी पाहिलेलं नाही, फ्रेंचचा एक शब्द त्याला येत नाही, पण निकाल त्याच्या घरचा आहे. "निदान विचारलं तरी. दोनदा विचारलं. आम्हाला एकदा तरी विचारा की."

"मी बघितल्यात ती माणसं," सुभेदार म्हणतात, आणि सगळे त्यांच्याकडं बघतात.

सुभेदार खोटं बोलत नाहीत. मे १९४४, इटली, कसिनोच्या खालच्या अंगाला गारी नदी. आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा पलटण होती, आणि नदीपार जाताना डिव्हिजनला साथ होती ती कॅनडाच्या पहिल्या चिलखती ब्रिगेडची. रणगाड्यावर लोखंडी पूल लादून तो नदीत आडवा घालायची करामत कॅनडाच्या एका रेजिमेंटनं भारतीय इंजिनिअरांबरोबर केली होती. त्याच ब्रिगेडमध्ये आणखी एक रेजिमेंट होती, क्वेबेकमधल्या त्र्वा-रिव्हिएर गावच्या नावाची.

"साहेबाशी इंग्रजी बोलायची," सुभेदार सांगतात, "आणि आपापसात दुसरंच कायतरी. आमाला वाटलं इटालियन. आमी पण साहेबाशी हिंदुस्थानी आणि आपापसात मराठी. बरं जमलं."

मास्तरांना इतिहास येतो. त्याच युद्धात, एप्रिल १९४२ मध्ये, कॅनडा सरकारनं लोकांना विचारलं होतं की सक्तीची भरती न करण्याचं वचन आम्हाला मोडू द्याल का. बाकीच्या देशानं हो म्हटलं, क्वेबेकमध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हटलं. त्या फटीचा आवाज परवाच्या निकालापर्यंत ऐकू येतो, असं मास्तरांचं म्हणणं.

"भरतीला पण विचारलं?" सुभेदार हसतात. "आमाला व्हाईसरॉयनं विचारलं व्हय? भाकरीसाठी गेलो."

तुम्हाला हसू येतं, पण तेवढ्यात कन्नड गृहस्थ कप खाली ठेवतो. त्याचं मराठी स्वच्छ आहे, फक्त वाक्याच्या शेवटी सूर थोडा वर जातो.

"एक विचारू का सर? यात तुम्ही क्वेबेक कसे झालात?"

पोरगा चमकतो.

"क्वेबेकात फ्रेंच बोलणारे सत्तर लाखांचं राज्य चालवतात. त्यांच्याकडं विधानसभा आहे. १९७७ मध्ये त्यांनी कायदा केला, दुकानाच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये, बाहेरून आलेल्यांची पोरं फ्रेंच शाळेत. का केला? भोवताली सगळी अमेरिका इंग्रजी, आपली भाषा बुडेल म्हणून भीती. ही भीती बेंगळुरात कुणाला आहे? आम्हाला आहे. कर्नाटक म्हणजे क्वेबेक. तुम्ही त्यात इंग्रजी बोलणारे, माँट्रियलवाले. तुमच्यामागं भलं मोठं महाराष्ट्र उभं आहे."

शटरखालून ऊन आत आलंय. कुणी बोलत नाही. पोरग्याच्या कानशिलावर लाली चढलीय. ते वाक्य, 'आपल्यागतच की', अठ्ठावीस वर्षांनी इथं असं उलटं होऊन पडतं. माझं मत विचाराल तर कन्नड गृहस्थाचं म्हणणं बरोबर आहे. सीमाभागातल्या मराठी माणसानं कॅनडाकडं बघताना चुकीच्या खुर्चीवर बसून बघितलं.

पण मास्तरांनी पेपरची घडी घातलेली नाही.

"ठीक," ते म्हणतात. "आम्ही माँट्रियलचे इंग्रज. मग माँट्रियलच्या इंग्रजांना काय मिळतं ते पण बघा. १८२१ पासूनचं मॅकगिल विद्यापीठ तिथं इंग्रजीतच चालतं. त्यांचे दवाखाने आहेत. पाट्यांचा कायदा १९८८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं चूक ठरवला. क्वेबेक सरकारनं पळवाट काढून तो पाच वर्षं रेटला, पण शेवटी १९९३ मध्ये इंग्रजी पाटीला परवानगी दिली, फक्त फ्रेंच ठळक हवी. आणि ज्या आईबापानं कॅनडात इंग्रजीतून शिक्षण घेतलं, त्याच्या मुलाला इंग्रजी शाळेचा हक्क घटनेनं दिलाय. कलम २३. आम्हाला १९८६ मध्ये काय मिळालं?"

१९८६ चं नाव निघताच चहावाला कळशी उचलून मागं जातो. कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात त्या जूनमध्ये नऊ जणांचा जीव गेला. शरद पवार आणि छगन भुजबळ वेशांतर करून बेळगावात शिरले होते ते तेव्हाच. मुंबईत तो किस्सा हशा मिळवतो. इथं कुणी हसत नाही.

"ते चुकलं," कन्नड गृहस्थ हळूच म्हणतो. एवढंच. एक नोव्हेंबरला बेळगावात हे म्हणायला काय लागतं, ते तुम्ही बाहेरून आलेल्यानं तोलायला जाऊ नका.

मग मास्तर आतल्या पानावरची एक बारीक बातमी बोटानं दाखवतात, आणि मला वाटतं त्या सकाळचा खरा ऐवज हाच. गेल्या आठवड्यात, २४ ऑक्टोबरला, ज्या सकाळी इकडं आपण काळ्या काचेतून सूर्यग्रहण बघत होतो, त्याच तारखेला क्वेबेकच्या उत्तरेला जेम्स बेकाठच्या क्री आदिवासींनी स्वतःचं वेगळं मतदान घेतलं. प्रश्न सरळ होता. क्वेबेक कॅनडातून बाहेर पडलं तर आपली माणसं आणि आपली जमीन त्यानं बरोबर न्यायला आपली संमती आहे का? ९६ टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हटलं. पाठोपाठ इनुइट लोकांनी तसंच मतदान घेऊन तसंच उत्तर दिलं. कॅनडा मोडता येत असेल तर क्वेबेकही मोडता येतो, हा त्यांचा मुद्दा.

"म्हंजी गाव हा घटक," पोरगा पुटपुटतो.

हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. सीमाभागात पोरं बाराखडीनंतर हेच शिकतात. गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या, सलगता, लोकेच्छा. आंध्र आणि मद्रासची हद्द आखताना ह. वि. पाटसकरांनी गाव हा घटक धरला, तोच महाराष्ट्राच्या दाव्याचा पाया. क्रींना पाटसकर ठाऊक असायचं कारण नाही. पण जिल्हा नव्हे, राज्य नव्हे, जिथं माणूस राहतो ते गाव मोजा, हे दोघांनीही आपापल्या रानात उभं राहून म्हटलं.

कन्नड गृहस्थालाही ते ऐकू आलंय. "मग अक्कलकोटच्या गावांनाही विचारायचं ना?" तो म्हणतो.

"विचारा," मास्तर म्हणतात. "सगळ्यांना विचारा."

बाहेर सायकलींच्या घंटा. फेरी मूक असली तरी जमेपर्यंत घंटा वाजतात. पोरगा उठतो, पैसे ठेवतो. उठताना तुम्हाला वाटेल की त्याला पुढचं सांगावं. की आणखी सात महिन्यांनी आज बेंगळुरात मुख्यमंत्री असलेले देवेगौडा दिल्लीत पंतप्रधान होतील. की १ नोव्हेंबर २०१४ ला या शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी होईल. की २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात जाईल, आणि तो स्वतः पन्नाशीला आला तरी दाव्याचा निकाल लागलेला नसेल. सांगू नका. त्याला सायकल चालवायची आहे.

परत आजच्या बेळगावात आलात की पहिली नजर पाट्यांवर जाते. २०२४ च्या दुरुस्तीनं कर्नाटकात पाटीचा साठ टक्के भाग कन्नड असावा लागतो. क्वेबेकनंही २०२२ चा नवा कायदा करून पाट्यांवरचं फ्रेंच इतरांपेक्षा दुप्पट मोठं करायला लावलं आहे. छापखान्यातला तो गृहस्थ बरोबर होता. दोन्ही राज्यं एकाच भीतीनं फूटपट्टी घेऊन दुकानापुढं उभी आहेत.

आणि सीमेचं? कॅनडाचं नाव घेऊन 'आम्हालाही तसं द्या' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट तपासायला हवी. तिथं प्रांताची हद्द त्या प्रांताच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय हलत नाही. १८७१ पासून तसाच कायदा आहे. तो इथं असता तर बेंगळुरूनं नाही म्हटल्यावर बेळगावची फाइल तिथंच बंद झाली असती. क्वेबेक आणि न्यूफाउंडलंड यांच्यातला लॅब्राडोरचा हद्दवाद शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १९२७ मध्ये न्यूफाउंडलंडच्या बाजूनं सोडवला. क्वेबेकनं तो निकाल आजही मनापासून स्वीकारलेला नाही. न्यायालयाच्या निकालानं हद्द ठरते, पण समजूत पटत नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्याकडं डोळे लावून बसलेल्यांनी हे मनात ठेवावं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये याहून शहाणी गोष्ट सांगितली. एकतर्फी बाहेर पडता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नाला लोकांनी स्पष्ट बहुमतानं उत्तर दिलं तर बाकीच्यांना चर्चेला बसावंच लागेल.

आपल्या घटनेचं कलम ३ त्याहून मोकळं आहे. संसद साध्या बहुमतानं राज्याची हद्द बदलू शकते. संबंधित राज्याचं मत मागवावं लागतं, पण संमती लागत नाही. म्हणजे दार कॅनडापेक्षा इथं जास्त उघडं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावून मंत्र्यांची समिती नेमायचं ठरलं, त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सीमाभागातल्या ८६५ गावांवर हक्क सांगणारा ठराव केला. एका राज्यात ठराव झाला की दुसऱ्यात उलट ठराव होतो, आणि दोन्हींकडच्या निवडणुका त्यावर निघतात. दिल्लीला अधिकार नाही, ही सबब खोटी आहे. दिल्लीला गरज नाही.

म्हणून माझा सल्ला चहाच्या दुकानातल्या मास्तरांच्या बाजूचा आहे. हद्दीचा दावा चालू द्या, पण माँट्रियलच्या इंग्रजांना जे हद्द न बदलता मिळालं ते आधी मागा. मराठी शाळेत मराठी शिक्षक. मराठी गावात मराठीतला उतारा, मराठीतली नोटीस. घटनेचं कलम ३५०-अ मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला प्रत्येक राज्याला सांगतं, आणि त्यासाठी राज्याला निर्देश द्यायचा अधिकार राष्ट्रपतींना देतं. ३५०-ब भाषिक अल्पसंख्याकांसाठी अधिकारी नेमायला लावतं. ही दोन्ही कलमं सातव्या घटनादुरुस्तीनं आली, आणि ती दुरुस्ती लागू झाली त्याच दिवशी, ज्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं.